थंडीतला घाम

नोव्हेंबरातली सकाळ, अंगावर स्वेटर असावा असा गारवा. कापूस वेचता वेचता आमच्या शेजारच्या काकू धुऱ्यावर मटकन बसल्या. हात थरथरत होते, पदर घामानं भिजला होता आणि बोलणं अडखळत होतं. "बाईले बाहेरचं लागलं, लिंबू उतरवा," कुणीतरी म्हणालं. लिंबू आणायचंच होतं, तर सोबत साखरही आणायची! काकूंनी शुगरची गोळी घेतली होती आणि चतुर्थी म्हणून पोटात नुसता बिनसाखरेचा चहा होता.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की ती कमी. ५४ च्या खाली धोका. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि त्याच्याकडे साठा जवळपास नसतोच. म्हणून साखर उतरू लागताच शरीर धोक्याच्या वेळचं संप्रेरक अ‍ॅड्रेनालिन सोडतं. ते यकृताला साठवलेली साखर मोकळी करायला लावतं. छातीतली धडधड आणि हातांची थरथर ही त्याचीच. साखर आणखी उतरली की मेंदूच उपाशी पडतो: चिडचिड, दोन-दोन दिसणं, बरळणं. माणूस प्यायलाय असंच वाटतं.

मला सगळ्यात गंमत वाटते ती घामाची. बीपीच्या काही गोळ्या, म्हणजे बीटा-ब्लॉकर, अ‍ॅड्रेनालिनच्या ग्राहींवर (पेशीवर ते जिथे चिकटतं त्या जागांवर) जाऊन बसतात. मग धडधड, थरथर दबते, धोक्याची सूचना मिळत नाही. घाम मात्र फुटतोच, कारण घर्मग्रंथींना जाणाऱ्या सिंपथेटिक नसा, म्हणजे शरीराला आपोआप सावध करणारे मज्जातंतू, टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन हे वेगळंच रसायन सोडतात आणि त्याच्या ग्राहींना बीटा-ब्लॉकर हात लावत नाही. म्हणजे शेवटपर्यंत खरं बोलणारं लक्षण घाम, आणि वावरात नेमकं त्याच्याकडेच कुणी बघत नाही.

शुद्धीवर असलेल्याला तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायची, मग भाकर. बेशुद्धाच्या तोंडात पाण्याचा थेंबही नको, श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवून १०८ लावायचा.

काकू वीसेक मिनिटांत सावरल्या. "माही ओटी कोठं हाये?" हा पहिला प्रश्न; ओटी म्हणजे वेचलेला कापूस ठेवायची कमरेची झोळी. पण त्यांची गोळी ग्लिमेपिराइडची. पोटात अन्न असो-नसो, ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते आणि तिचा असर तासन् तास टिकतो. साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून ओटी दुसरीच्या कमरेला बांधली आणि काकूंना दवाखान्यात नेलं.