चेरोकी पणजी आणि सरकारी याद्या: ही गोष्ट कुठून आली

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना हे वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळतंच. शेजारी असो की ऑफिसातलं कोणी, तुम्ही इंडियन आहात म्हटलं की लगेच "माझी पणजी पण इंडियन होती, चेरोकी!" म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चेरोकी जमातीची. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खूप छान वाटलं, मग दुसऱ्याकडून ऐकलं, तिसऱ्याकडून ऐकलं, आणि दरवेळी चेरोकीच, दुसरी कुठली जमात नाही, आणि बहुतेक वेळा पणजीच, पणजोबा नाही. २०१० च्या जनगणनेत ८ लाख १९ हजार लोकांनी स्वतःला पूर्ण किंवा अंशतः चेरोकी लिहिलं, आणि त्यावेळी अमेरिकन सरकारची मान्यता असलेल्या तिन्ही चेरोकी राष्ट्रांचे नागरिक मिळून त्याच्या निम्मेही नव्हते. मग हे बाकीचे कोण, हा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर शोधायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

मुळात चेरोकी लोक अॅपलेशियन डोंगरांच्या दक्षिण भागातले, म्हणजे आजचं जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना, अलाबामा. त्यांच्यात सात कुळं, लांडगा, हरीण, पक्षी वगैरे नावांची, आणि कुळ आईकडून मिळायचं. आई चेरोकी तर मूल चेरोकी, बाप स्कॉटिश व्यापारी असला तरी फरक पडत नव्हता. रक्त किती टक्के वगैरे हिशोबच नव्हता. उलट बाप चेरोकी आणि आई गोरी असेल तर मुलाला कुळच नाही, त्याच्यासाठी १८२५ मध्ये वेगळा कायदा करून नागरिकत्व द्यावं लागलं. म्हणजे वंश मोजायची त्यांची स्वतःची पक्की पद्धत होती आणि ती आईवरून चालत होती. राजा नव्हता, राजघराणं नव्हतं, त्यामुळे "आमची खापरपणजी चेरोकी राजकन्या होती" ही जी गोष्ट घराघरात सांगतात ती तिथेच पडते.

आता याद्यांचं. चेरोकी वंशावळ शोधणाऱ्यांच्या तोंडी सतत "रोल" हा शब्द असतो, म्हणजे सरकारने केलेली नावांची यादी, अमुक रोलवर नाव आहे का, तमुक रोलवर आहे का. लोकांना वाटतं वा, किती व्यवस्थित रेकॉर्ड ठेवलंय. पण प्रत्येक रोल का बनला ते बघितलं की पोटात कालवतं, कारण बहुतेक प्रत्येक यादीच्या आधी किंवा मागोमाग त्यांचं काहीतरी हिसकावून घेतलेलं आहे. १८३५ चा हेंडरसन रोल घ्या, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला राहणाऱ्या १६ हजारांहून जास्त चेरोकींची कुटुंबवार मोजणी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉर्जियातल्या न्यू इकोटाला चेरोकींच्या एका छोट्या गटाने करारावर सह्या केल्या, सगळी पूर्वेकडची जमीन गेली. निवडून आलेले प्रमुख जॉन रॉस शेवटपर्यंत विरोध करत राहिले, बहुसंख्य लोकांचाही विरोध होता, काही उपयोग झाला नाही. १८३८ मध्ये सैन्याने लोकांना घराबाहेर काढून छावण्यांत कोंडलं आणि मग आजच्या ओक्लाहोमापर्यंत नेलं. त्यात साधारण ४ हजार माणसं मेली असं मानतात, यालाच अश्रूंची वाट म्हणतात.

जे डोंगरात मागे राहिले त्यांची पुन्हा मोजणी १८४८ ला, पुन्हा १८५१ ला, पुन्हा १८५२ ला. पश्चिमेला पोचलेल्यांच्या याद्या वेगळ्या. ही मोजणी मुख्यतः कराराचे पैसे कोणाला द्यायचे त्यासाठी होती.

सगळ्यात महत्त्वाची यादी म्हणजे डॉज रोल, १८९८ पासून १९०६ पर्यंत बनलेली. तोपर्यंत चेरोकी राष्ट्राची जमीन सामायिक होती, कुणाच्या नावावर सातबारा हा प्रकारच नव्हता. अमेरिकन सरकारला ती तुकड्यांत वाटून उरलेली मोकळी करायची होती, त्यासाठी माणसं मोजायला हवी होती. चेरोकी धरून पाच जमाती मिळून अडीच लाखांवर लोकांनी अर्ज केले आणि एक लाखाच्या आसपास मंजूर झाले. फुकट जमीन म्हटल्यावर कोण कोण रांगेत उभं राहिलं असेल ते सांगायला नको. आणि दुसरीकडे रेडबर्ड स्मिथसारखे परंपरा जपणारे लोक नाव लिहायलाच तयार नव्हते, त्यांना जेलमध्ये टाकलं. मला हे फार लागतं, ज्यांचं सगळं होतं ते नको म्हणत होते.

याच यादीत कारकुनांनी प्रत्येकापुढे रक्ताचा अपूर्णांक लिहिला, अर्धा, पाव, एक अष्टमांश, कुळ आईकडून वगैरे सगळं बाजूला. चेरोकींकडे पूर्वी गुलाम असलेल्या काळ्या लोकांची यादी वेगळी केली, त्यांच्यापुढे अपूर्णांकच नाही, आजी चेरोकी असली तरी नाही. १८६६ च्या करारात त्यांना नागरिक म्हणून पूर्ण हक्क दिले होते. तरी त्यांच्या नागरिकत्वाचा वाद शंभर वर्षांहून जास्त चालला, २०१७ ला फेडरल कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२१ मध्ये चेरोकी राष्ट्राच्या स्वतःच्या सुप्रीम कोर्टाने "रक्ताने" हे शब्द कायद्यातून काढायला सांगितले.

आज ओक्लाहोमातल्या चेरोकी राष्ट्राचं नागरिक व्हायचं तर डॉज रोलवरच्या पूर्वजापासून थेट वंश कागदाने दाखवावा लागतो, रक्त कितीही कमी चालतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईस्टर्न बँडला १९२४ चा बेकर रोल लागतो आणि किमान एक सोळांश, युनायटेड कीटूवा बँडला एक चतुर्थांश. वंशाचे टक्के सांगणारी डीएनए टेस्ट यातल्या कुणालाच चालत नाही, आणि चालणार तरी कशी, त्यातून जमात कळत नाही. सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी २०१८ मध्ये आपला एक पूर्वज मूळ अमेरिकन असल्याचं दाखवायला डीएनए रिपोर्ट जाहीर केला तेव्हा चेरोकी राष्ट्राने हेच सुनावलं, पुढच्या वर्षी वॉरन यांनी माफी मागितली. चेरोकी असणं म्हणजे एका राष्ट्राचं माणूस असणं, थुंकीच्या नळीत ते सापडत नाही.

मग घरातली गोष्ट खोटी का? सांगणारे खोटं बोलतात असं मला नाही वाटत, त्यांनी आजीकडून ऐकलेलं असतं आणि आजीने तिच्या आजीकडून. पण चेरोकींना हाकलून दिल्यानंतर, ते समोर नसताना, दक्षिणेतल्या गोऱ्यांना त्यांचं नातं सांगणं सोपं झालं, आपण इथलेच, या मातीचेच असं म्हणता येऊ लागलं. काही घरांत सावळा रंग कुठून आला त्याचं उत्तर म्हणून चेरोकी पणजी पुढे केली गेली, कारण आफ्रिकन रक्त कबूल केलं तर कायद्याने सगळंच जात होतं.

म्हणून शोधायचंच असेल तर गोष्टीतल्या पणजीपासून सुरुवात करू नका, स्वतःपासून करा, आई, आजी, जन्मदाखला, लग्नाची नोंद, एकेक पिढी मागे, आणि १९०० च्या जनगणनेत ते घर कुठे होतं ते बघा. तेव्हा ते इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमाच्या पूर्व भागात, नसून अलाबामात असेल तर डॉज रोलवर सापडण्याची आशा जवळपास नाही. आणि गायॉन मिलर (Guion Miller) या सरकारी अधिकाऱ्याकडे आलेले अर्ज मात्र नक्की वाचा. १९०६ ला पूर्वेकडच्या चेरोकींच्या वारसांना दहा लाखांवर डॉलर आणि त्यावरचं अनेक वर्षांचं व्याज वाटायचं ठरलं, ४५ हजारांहून जास्त अर्ज आले, त्यात आईबाप, आजीआजोबा, काका, मावश्या, भावंडं सगळ्यांची नावं लिहावी लागत. पैसे मिळाले ३० हजारांच्या आसपास माणसांना, माणशी साधारण १३३ डॉलर. नामंजूर झालेले अर्जही नॅशनल आर्काइव्हजने जपून ठेवलेत. एकट्या साइझमोर नावाच्या कुळातून दोन हजारांच्या आसपास अर्ज आले होते, सगळे एकाच पूर्वजाच्या नावावर, आणि नामंजूर झाले. ते अर्ज वाचताना अंगावर काटा येतो, कारण १९०७ मध्ये कुणीतरी शपथेवर तेच सांगितलंय जे आज शेजारी सांगतो, की आमची आजी इंडियन होती असं आमचे म्हातारे लोक म्हणायचे.