लेडी रॉन्डा आणि 'टाइम अँड टाइड' : एका साप्ताहिकाची पार्श्वभूमी

१४ मे १९२० रोजी लंडनमध्ये 'टाइम अँड टाइड' या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, तेव्हा त्याच्या संचालक मंडळावर केवळ स्त्रिया होत्या आणि पैसा मुख्यतः मार्गारेट हेग थॉमस, म्हणजेच लेडी रॉन्डा, यांचा होता. राजकारण आणि अर्थकारणावर स्त्रियांनी अधिकाराने लिहावे, हा त्यामागचा विचार त्या काळी धाडसाचाच होता.

मार्गारेट यांचा जन्म १८८३ चा. वडील डी. ए. थॉमस हे वेल्समधील कोळसा खाणींचे मालक आणि लिबरल पक्षाचे खासदार. मार्गारेट त्यांचे एकुलते एक अपत्य. त्यांनी मुलीला आपल्या व्यवसायात जबाबदारीची कामे दिली, आणि मला वाटते, पुढच्या साऱ्या कर्तृत्वाचे मूळ या विश्वासात आहे. स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात १९१३ मध्ये न्यूपोर्ट येथे टपालपेटी पेटवल्याबद्दल मार्गारेट यांना शिक्षा झाली, तेव्हा दंड न भरता त्यांनी अस्कचा तुरुंग पत्करला आणि अन्नत्याग केल्यावर काही दिवसांतच त्यांची सुटका झाली. १९१५ मध्ये 'लुसिटानिया' हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले, त्यातून पिता-पुत्री दोघेही वाचले.

थॉमस यांना व्हायकाउंट हा किताब मिळाला तो १९१८ मध्ये, आणि मुलगा नसल्याने तो मुलीकडे जावा अशी विशेष तरतूदही झाली. त्याच वर्षी ते वारले. किताब मिळाला, तरी उमरावांच्या सभागृहातील आसन मात्र मिळाले नाही. लिंगभेदामुळे कोणालाही सार्वजनिक कार्यापासून दूर ठेवू नये, असे सांगणाऱ्या १९१९ च्या कायद्याच्या आधारे लेडी रॉन्डा यांनी दावा मांडला. मार्च १९२२ मध्ये विशेषाधिकार समितीने तो मान्यही केला. परंतु लॉर्ड चॅन्सेलर बर्कनहेड यांच्या पुढाकाराने प्रकरण पुन्हा समितीकडे आले आणि मे महिन्यात फेटाळले गेले. सायमन आयोग नेमला गेला तेव्हाचे भारतमंत्री ते हेच बर्कनहेड.

सभागृहात जे बोलता आले नाही ते मांडायला साप्ताहिक होतेच. १९२१ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या 'सिक्स पॉइंट ग्रुप'च्या मागण्या, म्हणजे विधवा आणि अविवाहित मातांना संरक्षण, मुलांवर आईबापांचा समान हक्क, शिक्षिकांना समान वेतन इत्यादी, या अंकांतून सातत्याने चर्चेत राहिल्या. १९१८ च्या कायद्याने तीस वर्षांवरील स्त्रियांनाच, तोही अटींसह, मताधिकार दिला होता. तो पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडले. संपादक हेलन आर्चडेल यांच्यानंतर १९२६ पासून लेडी रॉन्डा यांनी संपादन स्वतःकडे घेतले. पुढे विषय विस्तारले, पुरुष लेखकही आले; व्हर्जिनिया वुल्फ, रेबेका वेस्ट, विनिफ्रेड होल्टबी आणि बर्नार्ड शॉ यांचे लेखन येथे छापले गेले.

साप्ताहिक तोट्यात चाले आणि तो तोटा त्या वर्षानुवर्षे पदरमोड करून भरीत. या पदरमोडीमुळे त्याला कोणत्याही पक्षाची ताबेदारी पत्करावी लागली नाही. मात्र त्याचे आयुष्य एकाच व्यक्तीच्या संपत्तीशी बांधले गेले, हेही तितकेच खरे. उत्तरकाळात त्यांच्या मतांबरोबर साप्ताहिकही उजवीकडे झुकत गेले.

एप्रिल १९५८ मध्ये संमत झालेल्या कायद्याने स्त्रियांना आजीव उमराव म्हणून सभागृहात बसण्याची मुभा मिळाली. लेडी रॉन्डा त्याच वर्षी २० जुलै रोजी निधन पावल्या. वंशपरंपरेने किताब मिळालेल्या स्त्रियांना तो हक्क १९६३ च्या कायद्याने दिला.