सिलिंडरवरचा दाब मोजताना कोन कुठून धरायचा?

(विंड टनेल, म्हणजे प्रयोगासाठी वारा सोडण्याच्या बोगद्यासोबत दिलेल्या ५० मिमी व्यासाच्या सिलिंडरसाठी)

सिलिंडरला दाब घेण्याचे भोक एकच आहे. अंशांच्या खुणांची चकती फिरवून तेच हव्या त्या कोनावर आणायचे. रीडिंग खालच्या सूत्राशी जुळत नसेल तर मॅनोमीटर (दाब मोजण्याचे साधन) उघडण्याआधी थीटा, म्हणजे भोकाचा कोन, तपासा.

पाठ्यपुस्तकात थीटा सहसा प्रवाह जातो त्या दिशेपासून मोजतात, म्हणून वारा समोर आदळतो तो बिंदू १८० अंशांवर येतो. आमच्या चकतीवर तोच बिंदू शून्य आहे. दाबगुणांकाचे (पृष्ठभागावरचा जादा दाब भागिले वाऱ्याचा गतिज दाब) सूत्र १ − ४ × (साइन थीटा)² असे आहे. त्यात वर्ग असल्याने कोन या दोन्हींपैकी कुठूनही धरला तरी उत्तर एकच. पृष्ठभागावरच्या वेगाचे तसे नाही. पुस्तकातले −२ × वाऱ्याचा मूळ वेग × साइन थीटा चकतीच्या कोनाने काढायचे, तर उणे चिन्ह काढून टाका; समोरच्या बिंदूपासून हवा दोन्ही बाजूंना लांबच जाते.

सर्वाधिक दाब दिसेल तिथे शून्य धरू नका. तिथे एक अंश सरकले तरी गुणांक जेमतेम ०.००१ ने बदलतो, डोळ्याला कळतच नाही. त्याऐवजी +३० आणि −३० वर रीडिंग घ्या. २० मीटर प्रतिसेकंद वेगाला शून्य एका अंशाने चुकले असेल, तर या दोन रीडिंगांत पाण्याच्या सुमारे ३ मिमीचा फरक पडतो. दोन्ही सारखी येईपर्यंत चकती सरकवा, मगच स्क्रू आवळा.

एक्सेलला कोन रेडियनमध्ये लागतो. नुसते ३० टाकले तर ० ऐवजी −२.९ मिळते, आधी रेडियन्स फंक्शन लावा. बिंदूच्या एक्स-वाय वरून थीटा काढायला साधे एटॅन (टॅनवरून कोन देणारे फंक्शन) नको, त्याला पुढची-मागची बाजू कळत नाही. एटॅन२ वापरा: एक्सेलमध्ये आधी एक्स मग वाय, पायथॉनमध्ये नेमके उलटे.

९० अंशांवर सूत्र −३ सांगते, प्रत्यक्षात −१ च्या आसपास मिळेल. यंत्र बरोबर आहे. सूत्रात हवेची चिकटी धरलेली नाही. खरा प्रवाह साधारण ८० अंशांजवळ पृष्ठभाग सोडतो आणि त्यामागे दाब जवळजवळ सपाट राहतो. याचा परिणाम पुढच्या बाजूच्या दाबावरही होतो, म्हणून पडताळा साधारण ३० अंशांपर्यंतच घ्या.

भोक तुंबले तर बारीक तारेने हलकेच साफ करा, ड्रिल लावू नका. १ मिमीचे भोक आधीच २.३ अंश व्यापते.