कंपवात आणि रात्रीचा श्वास : पार्श्वभूमी

गोव्यात दुपारी जेवून घटकाभर आडवे होण्याची रीत आहे; त्या वेळात कितीतरी दुकानेही बंद असतात. त्यामुळे कंपवाताचा (पार्किन्सन्स आजाराचा) वयस्कर रुग्ण सोप्यावर बसल्या बसल्या पेंगू लागला, तर त्यात कुणाला काही वावगे दिसत नाही, आणि रात्री तो मोठ्याने घोरत असेल, तर ‘गाढ झोप लागली’ असे म्हणून घरचे निर्धास्त होतात. ते घोरणे मध्येच थांबते, छाती-पोट हलत असूनही दहा-पंधरा सेकंद हवा आत जात नाही, आणि मग घशातून मोठा आवाज काढत श्वास पुन्हा सुरू होतो, हे ठाऊक असते ते शेजारी जाग्या राहिलेल्या माणसाला.

वैद्यकशास्त्राच्याही हे उशिरा ध्यानात आले, कारण हा आजार प्रामुख्याने दिवसा पाहिला गेला. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांचे वर्णन केले. त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यातच पाहिले होते. थरथरीने झोपमोड होते हे त्यांनी नोंदवले, पण पुढच्या पिढ्यांनी लक्षात ठेवली ती थरथर आणि चाल.

झोपेतला श्वास यंत्राने रात्रभर टिपला जाऊ लागल्यावर, १९६५ मध्ये, फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी तो वारंवार अडतो हे दाखवून दिले. १९७६ मध्ये झोपेचे संशोधक गिलमिनो यांनी या विकाराला ‘स्लीप ॲप्निया’ (झोपेत श्वास थांबणे) हे नाव रूढ केले, आणि १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी मास्कमधून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र पुढे आणले. मात्र डॉक्टरांच्या मनात ठसलेला रुग्ण होता लठ्ठ, जाड मानेचा. कंपवाताचा रुग्ण पुष्कळदा सडपातळ असतो आणि म्हणून, माझ्या मते, तो या चित्रात बसलाच नाही.

त्याची अडचण वेगळ्या वाटेने येते. घशाच्या वरच्या भागातले स्नायू हातापायांप्रमाणेच ताठरतात व थरथरतात, याची नोंद १९८४ मध्ये झाली. छातीच्या पिंजऱ्यातला ताठरपणा श्वास उथळ करतो. रात्री लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाचा अंमल ओसरला की कूस बदलणे जड जाते आणि माणूस तासन्‌तास उताणाच राहतो, जी श्वासमार्गाच्या दृष्टीने वाईट स्थिती. २००३ मध्ये जर्मन शरीररचनातज्ज्ञ हाइको ब्राक यांनी मांडले की बहुतेक रुग्णांत बिघाडाची सुरुवात मेंदूच्या देठाच्या (ब्रेनस्टेमच्या) खालच्या भागात होते. श्वासाचा ताल राखणारी केंद्रेही त्याच देठात आहेत. तरीही समवयस्कांपेक्षा या रुग्णांत ॲप्निया अधिक आढळतो की नाही, यावर अभ्यासांचे एकमत झालेले नाही.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे झोपेत ओरडणे, लाथा झाडणे. स्वप्नावस्थेतला हा विकार १९८६ मध्ये अमेरिकेत शेंक व महोवाल्ड यांनी वर्णिला आणि तो कंपवाताच्या कित्येक वर्षे आधीही दिसू शकतो, हे पुढे कळले. पण तीव्र ॲप्नियातही माणूस अगदी असाच धडपडत उठतो. दोहोंतला फरक रात्रभराच्या झोप-तपासणीतच कळतो, आणि तो कळणे भाग आहे, कारण या धडपडीवर सर्रास दिले जाणारे क्लोनाझेपाम हे गुंगी आणणारे औषध अडणारा श्वास आणखी अडवू शकते.