केळ्यांशेजारचं कार्नेशन आणि समुद्रातला डायँथस

मागच्या लग्नसराईत आमच्या घरी साखरपुडा झाला. स्टेजवरचा बुके रात्री कुणीतरी स्वयंपाकघरात, करमाळ्याकडून आलेल्या केळ्यांच्या घडाशेजारी ठेवून दिला. सकाळी बघतो तर गुलाब बरे, जरबेराही ठीक. कार्नेशनच्या पाकळ्या मात्र आत वळून फुलं मुठीसारखी मिटलेली. "सोलापूरचा उन्हाळा, दुसरं काय," म्हणत आईने बुके बाहेर टाकला. या खेपेला उन्हाळा निर्दोष होता. काम केळ्यांचं होतं.

पिकणारं फळ इथिलीन हा वायू सोडतं. रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवायला हाच वापरतात. कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. शंभर वर्षांपूर्वी शिकागोच्या फूलवाल्यांना याचा चांगलाच फटका बसला होता. तेव्हा दिवे गॅसवर जळायचे, पाइप गळायचे आणि काचघरातली कार्नेशन्स उमलता उमलता मिटायची. शिकागो विद्यापीठातल्या विल्यम क्रॉकर आणि ली नाइट यांनी 1908 साली दोष नेमका कुणाचा ते दाखवलं: हवेच्या वीस लाख भागांत इथिलीनचा एक भाग बारा तास राहिला, तरी उमललेलं फूल मिटतं. फूलवाले याला 'झोप' म्हणत. या झोपेतून फूल उठत नाही, कारण बाहेरचा वायू लागला की पाकळ्या स्वतःही इथिलीन बनवू लागतात, आणि मग थांबवणार कोण? म्हणून काढणीनंतर दांडे चांदीच्या एका क्षाराच्या पाण्यात ठेवतात. चांदीचे आयन इथिलीन ओळखणाऱ्या प्रथिनात जाऊन बसतात आणि फुलाला वायूची चाहूलच लागत नाही.

कार्नेशन डायँथस या गोत्रातलं. थंडीत आपल्या नर्सरीत कुंड्यांमधून डायँथसची बुटकी रोपं येतात, ती याचीच भावंडं. इंग्रजीत यांना 'पिंक' म्हणतात. आपण गुलाबावरून रंगाला गुलाबी म्हटलं, इंग्रजांनी या फुलावरून रंगाला पिंक म्हटलं. आधी फूल, मग रंग. पाकळीची कड बघा, झिगझॅग कात्रीने कातरल्यासारखी. युनिफॉर्म शिवणाऱ्या सोलापूरकराला ती कात्री सांगायला नको. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून ती चालवतात. कापडाची कड अशी कातरण्यालाही इंग्रजीत 'पिंक'च म्हणतात, आणि फुलाचं नाव तिथूनच आलं असावं असं मानणारे पुष्कळ आहेत. कार्नेशनच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द, कॅरिओफिलस, मूळचा लवंगेचा. जुन्या वाणांना लवंगेचा वास येतो, दोन्हीकडे युजेनॉल हे सुगंधी द्रव्य असतं. बुकेतल्या आजच्या वाणांना नाक लावाल तर बहुधा निराशा होईल.

आता समुद्र. लंडनमध्ये जॉन एलिस नावाचा तागाच्या कापडाचा व्यापारी होता, फावल्या वेळात समुद्री जीव न्याहाळणारा. अनेकांना वनस्पती वाटणारे जीव प्राणी आहेत, हे पटवून देण्यात त्याचा मोठा वाटा. 1768 साली त्याने एका समुद्रफुलाला, म्हणजे सी अॅनिमोनला, 'अॅक्टिनिया डायँथस' हे नाव दिलं. थंड समुद्रातला हा प्राणी: खाली गुळगुळीत खोड, वर बारीक स्पर्शकांची झालर, मोठ्या प्राण्यात हजाराहून जास्त. जर्मन लोक आजही त्याला समुद्री कार्नेशन म्हणतात. कापडवाल्याच्या नजरेत ती झालर भरली असेल, असं मला उगाचच वाटतं. पुढे 1801 मध्ये लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने एका प्रवाळाला 'कॅरिओफिलिया' म्हटलं. कार्नेशनच्या नावाचे दोन्ही तुकडे असे समुद्रात पोचले.

समुद्रफूलही मिटतं. कोकणात ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यात बोट घालून बघितलंय: स्पर्शकं सर्रकन आत आणि समोर नुसता गोळा. पाकळी रसायनाने मिटते, हे स्नायूंनी मिटतं. मेंदू नाही, पण अंगभर चेतातंतूंचं जाळं आहे. भरती आली की पुन्हा उमलायला मोकळं.

वाढवण्याच्या बाबतीत मात्र दोघांचं गणित जुळतं. पॉलिहाऊसमधलं कार्नेशन छाट कलमाने वाढवतात, त्यामुळे एका वाणाची सगळी झाडं एकाच झाडाची नक्कल. डाळिंबाच्या गुटी कलमावर हात बसलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे नवं नाही. समुद्री कार्नेशन स्वतःचं कलम स्वतःच करतं: सरकताना तळव्याचे तुकडे मागे सोडतं आणि प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी उभा राहतो. खडकावर अशी आख्खी भावकी पसरते. शेजारी दुसऱ्या भावकीचा प्राणी आला, तर काहींना झुंजीसाठी खास जाड स्पर्शकं फुटतात. त्यांची टोकं शत्रूला चिकटून तुटतात आणि तिथली कातडी मरते. आपल्या भावकीवर हे हत्यार सहसा चालत नाही.

दिसण्यावरून नाव मिळालं, तरी खऱ्या नात्याची माणसं वेगळीच निघतात. बीट, राजगिरा, बोगनवेल, गुलबक्षी, निवडुंग, सांगोल्याकडचं ड्रॅगनफ्रूट: ही सगळी कार्नेशनच्याच गणातली. या मंडळींचा लाल-जांभळा रंग बीटालेन या रंगद्रव्याचा. कार्नेशनचं कुटुंब त्यात वेगळं पडतं, त्याचा रंग अँथोसायनिनचा, डाळिंबाच्या दाण्यांसारखा. निसर्गात एकाच झाडात दोन्ही द्रव्यं सापडलेली नाहीत.

तर मिटण्याकडे परत. 1828 मध्ये जॉन डॅलिएल या स्कॉटिश अभ्यासकाने किनाऱ्यावरून एक लाल समुद्रफूल उचलून काचेच्या बरणीत ठेवलं. त्याच्या जातीचं तेव्हाचं नावही एका फुलावरून, मेसेंब्रिअँथेममवरून घेतलेलं. आणि ते फूल कार्नेशनच्याच गणातलं. या समुद्रफुलाला 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणू लागले. 1851 मध्ये डॅलिएल वारला, आजी उघडमीट करत राहिली. बरणी एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि शेवटी एडिनबराच्या वनस्पती उद्यानाच्या क्युरेटरकडे, म्हणजे उद्यान सांभाळणाऱ्या प्रमुखाकडे पोचली. 1887 मध्ये ती गेली, तेव्हा वर्तमानपत्रात तिच्यावर मृत्युलेख आला.