‘ट्यून-अप करून टाका’ म्हणजे नेमके काय करायचे?

गाडी सोडताना आमचे अनेक ग्राहक किल्ली हातात देता देता एवढेच सांगतात, “सर्व्हिसिंग आहेच, ट्यून-अपही करून टाका.” या एका शब्दात आम्ही काय करतो, काय करत नाही आणि कशाचे पैसे घेतो हे गाडीमालकाला आधीच ठाऊक असावे, म्हणून चिपळूण परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक काढले आहे.

ट्यून-अप हा शब्द कार्बोरेटरच्या काळातला आहे. प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडरमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) टोपीखालचे पॉइंट झिजत, त्यांच्यातील फट बदलली की ठिणगीचे टायमिंग सरकत असे, आणि मग पॉइंट घासून, टायमिंग लावून, कार्बोरेटरचा स्क्रू इंजिनच्या आवाजावर कान ठेवून फिरवावा लागे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत ठिणगी केव्हा पडावी आणि पेट्रोल किती सुटावे हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, ठरवतो. तेथे फिरवायला स्क्रूच उरलेला नाही. म्हणून बिलावर ‘ट्यूनिंग’ अशी मोघम रक्कम दिसली, तर नेमके काय केले हे जरूर विचारावे. बिल आमचे असले तरीही.

पेट्रोल गाडीत आम्ही सुरुवात स्पार्क प्लगपासून करतो. इंजिन गार झाल्यावरच प्लग काढतो, कारण तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढून काढल्यास आटे जाण्याची भीती असते. काढलेला प्लग आम्ही ग्राहकाला दाखवतो. टोकाला बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग असेल तर जळण ठीक आहे, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे, आणि टोक तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल वर येते आहे, ज्यावर नवा प्लग हा उपाय नव्हे. साधे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटरवर बदलावे लागतात. इरिडियमचे त्याहून पुष्कळ जास्त टिकतात, आणि त्यांना वायर ब्रश लावायचा नसतो. त्यानंतर एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाची) सफाई आणि इग्निशन कॉइलची तपासणी होते. ज्या इंजिनांत टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) हाताने लावावे लागतात, तेथे आवाज येत असल्यास फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, फट मोजली जाते.

ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आम्ही प्रत्येक गाडीला लावतो, पण स्कॅनरने दाखवलेला कोड हा निकाल नसतो. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असे नाही. सायलेन्सरच्या जोडातून गळती असली तरी तोच कोड येऊ शकतो. आधी गळती शोधतो, मग महागडा पार्ट.

डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतात. तिचे ट्यून-अप म्हणजे मुख्यतः डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे, त्यात साचलेले पाणी काढणे आणि इंजेक्टरची तपासणी. बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांची) डिझेल गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर सायलेन्सरमधील काजळीचा फिल्टर तुंबतो. अशा गाडीला अधूनमधून महामार्गावर एका वेगात अर्धा तास नेणे हा बिनखर्चाचा इलाज आहे.

इंजिन ऑइल बहुतेक पेट्रोल गाड्यांत १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावे. ग्रेड मात्र गाडीच्या पुस्तिकेत असेल तीच. इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून रसायनाने धुणे, आम्ही सुचवत नाही, कारण ऑइल वेळेवर बदलले जात असेल तर त्याची गरज पडत नाही.

आमचा खरा आग्रह ब्रेकबद्दल आहे, कारण येथील बहुतेक गाड्या कधी ना कधी कुंभार्ली घाट उतरतात. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी तेवढीच खाली जाते. अशा वेळी कोणी नुसते ऑइल वरपर्यंत भरून दिले, तर झिजेची खूणच पुसली जाते. म्हणून पातळी उतरलेली दिसली की आम्ही आधी चाक काढतो, पॅडची जाडी आणि गळती पाहतो. जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर पॅड बदलण्यास सांगतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, ओलाव्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ते तापून त्यात वाफ झाली की पेडल मऊ पडते. कोकणच्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलावेच. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, न्यूट्रलमध्ये कधीही टाकू नये.

पावसाळ्यापूर्वी वायपरची रबरे, बॅटरीचे टर्मिनल आणि टायर पाहून घ्यावेत. टायरच्या खाचेची खोली किमान १.६ मिलिमीटर असणे कायद्याने बंधनकारक असले, तरी आमच्याकडच्या पावसात तिथपर्यंत थांबू नये. पावसात उंदीर बोनेटखाली आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात. उभी गाडी आठवड्याने काढताना बोनेट उघडून पाहणे हे येथे देखभालीचेच काम आहे.

सकाळी पहिल्यांदा गाडी उशिरा सुरू होते किंवा मिसिंग करते (अडखळत चालते) अशी तक्रार असल्यास गाडी कृपया आदल्या संध्याकाळी सोडावी, म्हणजे गार इंजिन आम्हाला स्वतः सुरू करून पाहता येते. बदललेले पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवलेले असतात. गाडी ताब्यात घेताना ते बिलाशी ताडून पाहावेत, आणि नको असल्यास आमच्याकडेच ठेवून जावेत.