कारपूल मार्गिका-दंड व त्याविरुद्धचा बचाव

अमेरिकेतील द्रुतगती रस्त्यांवर एकाहून अधिक माणसे असलेल्या गाड्यांसाठी राखून ठेवलेल्या मार्गिकेत नियमाबाहेर गाडी चालवल्याबद्दल होणारा दंड, आणि तो वकिलाच्या साहाय्याने न्यायालयात आव्हान देण्याची प्रथा. नियम राज्यागणिक बदलतात. या मार्गिकांचे जाळे आणि त्यांवरील न्यायालयीन वाद दोन्ही कॅलिफोर्नियात विशेष असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्या राज्यापुरते आहे.

उगम : अशा मार्गिकेचा पहिला मान कोणाला द्यावा यावर एकमत नाही. वॉशिंग्टनलगतच्या उत्तर व्हर्जिनियातील शर्ली महामार्गावर १९६९ मध्ये बसगाड्यांसाठी मार्गिका राखली गेली आणि बहुतेक संदर्भग्रंथ तिथूनच आरंभ धरतात. मात्र तिच्यात कारपूलला, म्हणजे किमान चार जणांच्या मोटारींना, प्रवेश मिळाला तो डिसेंबर १९७३ मध्ये, तेलसंकटाच्या ऐन दिवसांत. सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड बे ब्रिजच्या टोलनाक्यावर भरलेल्या मोटारींना वेगळी वाट देण्याची व्यवस्था १९७० च्या दशकाच्या आरंभीची आहे. ‘राखीव मार्गिका’ एवढाच निकष धरला तर शर्लीचा दावा सरस ठरतो. ‘कारपूल’ हा निकष धरला तर बे ब्रिजचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. नंतरच्या कज्ज्यांचे मूळ बसगाड्यांत नसून मोटारीतील डोकी मोजण्यात आहे, म्हणून दुसरा निकष येथे अधिक उपयुक्त.

लॉस एंजेलिसच्या सांता मोनिका फ्रीवेवर १५ मार्च १९७६ रोजी सुमारे १२ मैलांची ‘डायमंड लेन’ सुरू झाली. तिच्यासाठी नवी मार्गिका बांधली नव्हती. चालू असलेल्यांपैकी एक तीन किंवा अधिक जणांच्या गाड्यांना गर्दीच्या वेळी देऊन टाकली. उरलेल्या मार्गिका तुंबल्या, लोक संतापले आणि पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास न केल्याच्या मुद्द्यावर ऑगस्ट १९७६ मध्ये संघराज्य न्यायालयाने प्रयोग थांबवला. पुढे राज्याचा कल नव्या मार्गिका वाढवून त्या राखण्याकडे राहिला. रस्त्यावर रंगवलेले समभुज चौकोनी (डायमंड) चिन्ह मात्र टिकले.

कायदा व दंडाची घडण : कॅलिफोर्निया वाहन संहितेची दोन कलमे येथे लागू होतात. कलम २१६५५.५ अन्वये फलकांवर दिलेली माणसांची संख्या व वेळ पाळणे बंधनकारक आहे, कलम २१६५५.८ राखीव मार्गिकेच्या कडेच्या दुहेरी रेषा ओलांडण्यास मनाई करते. नोटिशीवर यांपैकी कोणता क्रमांक लिहिला आहे हे वकील सर्वांत आधी पाहतो, कारण बचावाची दिशा आणि परवान्यावर पॉइंट (नियमभंगाची नोंद) लागण्याचा प्रश्न दोन्ही त्यावर अवलंबून असतात.

पहिल्या गुन्ह्याचा कायद्यातील मूळ दंड १०० ते १५० डॉलर एवढाच आहे. रस्त्यावरचे फलक मात्र किमान ४९० डॉलर सांगतात. ही वाढ अधिभारांची आहे. मूळ दंडाच्या दर १० डॉलरमागे साधारण २९ डॉलर राज्य व काउंटीचे (जिल्ह्यासारख्या विभागाचे) अधिभार धरले, तर १०० वर २९० चढतात. मूळ दंडावर २० टक्के राज्य अधिशुल्क म्हणजे आणखी २०, त्यावर न्यायालयीन कामकाजाचे ४० आणि दोषसिद्धीचे ३५; बेरीज ४८५. उरलेले काही डॉलर किरकोळ शुल्कांचे. काउंटीप्रमाणे यात थोडा फरक पडतो. मूळ दंड खाली आणता आला तर त्यावर टक्केवारीने चढणारे अधिभारही त्याच प्रमाणात खाली येतात, ही गोष्ट दंड भरणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

‘व्यक्ती’ कोण : या विषयातील सर्वाधिक गाजलेला वाद हाच. मरीन काउंटीतील एका चालकाने २०१२ मध्ये एकट्याने कारपूल मार्गिका वापरली आणि आपल्या कंपनीच्या नोंदणीची कागदपत्रे हीच दुसरी व्यक्ती असल्याचे सांगितले. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. वाहन संहितेच्या कलम ४७० मधील ‘व्यक्ती’च्या व्याख्येत नैसर्गिक व्यक्तीबरोबर भागीदारी, संघ व कॉर्पोरेशनही येतात. जानेवारी २०१३ मध्ये वाहतूक न्यायाधिकाऱ्याने तो फेटाळला : मार्गिकेचा हेतू रस्त्यावरची गर्दी कमी करण्याचा आहे आणि आसनावर ठेवलेल्या कागदांनी तो साधत नाही. व्याख्येच्या शब्दांपेक्षा तरतुदीचा हेतू वरचढ मानणारी ही भूमिका अधिक पटण्याजोगी आहे.

ॲरिझोनात एका गर्भवतीने पोटातील बाळ मोजावे असा दावा केला होता. फिनिक्सच्या न्यायालयाने २००६ मध्ये, गाडीत स्वतंत्र व वेगळी जागा व्यापणारीच व्यक्ती मोजायची, असे ठरवले. टेक्ससमध्ये २०२२ साली डॅलसजवळ असाच प्रसंग घडला. गर्भपातविषयक राष्ट्रीय निकाल नुकताच आलेला असल्याने त्याची देशभर चर्चा झाली. ती नोटीस पुढे रद्द झाली, पण तेवढ्यावरून न्यायतत्त्व प्रस्थापित झाले असे म्हणता येत नाही. नेव्हाडात २०१९ मध्ये शववाहिकेच्या चालकाने मागचा मृतदेह हिशेबात धरला होता. गस्तीच्या अधिकाऱ्याने माणूस जिवंत असावा लागतो हे समजावून ताकीद देऊन सोडले. टोपी घातलेले पुतळे आणि सांगाडे शेजारी बसवण्याचे प्रकार येथे केवळ उल्लेखापुरते.

सुनावणी : नोटिशीवरची सही ही गुन्ह्याची कबुली नसून हजर राहण्याचे वचन असते. असा गुन्हा कॅलिफोर्नियात ‘इन्फ्रॅक्शन’ या सर्वांत खालच्या वर्गात मोडतो. त्यात तुरुंगवास नाही, ज्यूरी नाही आणि सरकारी खर्चाने वकीलही नाही. तरीही गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. सरकारी वकील बहुधा येत नाही. अधिकारी साक्ष देतो आणि न्यायाधीश प्रश्न विचारतात. ही रीत घटनाबाह्य नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या ‘पीपल वि. कार्लुची’ खटल्यात ठरवले.

कलम ४०९०२ अन्वये लेखी सुनावणी मागता येते. त्यासाठी दंडाची पूर्ण रक्कम आधी भरावी लागते. निर्दोष ठरल्यास ती परत मिळते. निकाल विरुद्ध गेल्यास वीस दिवसांच्या आत नव्याने तोंडी सुनावणी मागण्याचा हक्क असतो. वकील अनेकदा हा दुहेरी मार्ग घेतात, कारण दुसऱ्या वेळी अधिकारी साक्षीला आला नाही तर खटला सहसा निकालात निघतो.

वकिलाचा पहिला ठोस लाभ असा की चालकाला कामाचा दिवस बुडवून न्यायालयात जावे लागत नाही. तो वकिलामार्फत हजर राहू शकतो. दुसरा लाभ उलटतपासणीचा. अधिकारी कोणत्या बाजूने पाहत होता, अंतर किती, काच किती गडद, मागच्या आसनावर उलट्या तोंडाने बसवलेली बाळाची कारसीट त्याला दिसणे शक्य होते का, असे प्रश्न येतात. मात्र गाडी थांबवल्यावर अधिकारी खिडकीतून आत डोकावतोच, त्यामुळे ‘मागे कोणी होते’ हा बचाव क्वचितच टिकतो. फलक झाडीआड होता का, वेळ संपली होती का, तुटक रेषेच्या उघड्या भागातूनच गाडी बाहेर पडली का, हे मुद्दे अधिक फलदायी असतात आणि त्यांना छायाचित्राचा किंवा डॅशकॅमचा आधार देता येतो. जाहिरातींतील यशाच्या टक्केवारीवर विसंबू नये. फीच कधी दंडाच्या जवळ जाते. उत्पन्न कमी असल्यास दंड घटवून किंवा हप्त्याने भरण्यासाठी न्यायालयाकडे थेट अर्ज करता येतो, त्याला वकील लागत नाही.

मराठी भाषकांशी संबंध : सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांत या दंडाची धास्ती पैशांपेक्षा व्हिसा आणि नागरिकत्वामुळे अधिक असते. नागरिकत्वाच्या अर्जासोबतच्या सूचनांत, अटक न झालेल्या आणि ५०० डॉलरहून कमी दंडाच्या वाहतूक प्रकरणांची कागदपत्रे जोडण्याची गरज नाही, अशी सूट दिली जात आली आहे. ४९० चा आकडा त्या मर्यादेच्या जेमतेम आत बसतो. प्रकरण अर्जात सांगावे लागते का, हा प्रश्न निराळा. तो वाहतूक-वकिलाचा नव्हे, इमिग्रेशन वकिलाचा.

एक्स्प्रेस लेन : अलीकडे अनेक कारपूल मार्गिका टोल घेणाऱ्या झाल्या आहेत. गाडीतील टोल-टॅगवर माणसांच्या संख्येनुसार १, २ किंवा ३ असा आकडा चालकानेच लावायचा असतो. टॅग नसल्यास बहुधा टोल-उल्लंघनाची नोटीस टपालाने येते आणि तिचा निवाडा प्रशासकीय पातळीवर होतो. एकटे असून ३ लावल्यास मात्र हायवे पेट्रोल (राज्याचे महामार्ग पोलीस) गाडी थांबवून वर वर्णन केलेलीच नोटीस देऊ शकते.